घटस्फोटाची कारणे : कायदा आणि मराठी ललित वाङ्मय

टिळकवाडीत महिन्यातून एकदा दहाबारा शिक्षक आणि वाचक एकत्र जमून एखाद्या जुन्या पुस्तकाचे वाचन करीत असतात. मध्यंतरी विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ ही १९३४ सालची कादंबरी वाचावयास घेतली होती. पतीपासून विलग झालेली अचला, तिचे विरागशी जडलेले नाते, त्या नात्यास विवाहाचे रूप देता येत नाही म्हणून होणारी तिची कोंडी, आणि तरीही मातृत्वाचा हक्क न सोडण्याचा तिचा निर्धार, ह्या सर्वांची चर्चा रंगात आली असता एका तरुण शिक्षिकेने विचारले, “पण अचलेने सरळ न्यायालयात अर्ज का केला नाही?” ज्येष्ठांपैकी काहींना हसू आले. आम्हांस मात्र त्या प्रश्नाने विचारात पाडले. आजच्या वाचकाला हा प्रश्न पडतो ह्याचा अर्थ असा, की ज्या भिंतीवर अचला डोके आपटीत होती ती भिंतच त्याला दिसेनाशी झाली आहे. भिंत दिसली नाही म्हणजे डोके आपटणे हा मूर्खपणा वाटू लागतो, आणि लेखिकेने धिटाईने लिहिलेली कादंबरी केवळ भावविवशतेची कहाणी ठरते.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या भिंतीचा आहे. विवाहाचे बंधन कोणत्या कारणांनी सुटावे हा प्रश्न विधिमंडळांचा आणि न्यायालयांचा, साहित्याच्या नियतकालिकाने त्यात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. आमचे उत्तर एवढेच, की गेल्या सव्वाशे वर्षांत मराठी कादंबरी आणि नाटक ह्यांनी जितके घोळून घोळून संसाराचे दुःख सांगितले आहे तितके दुसरे कशाचेही सांगितलेले नाही. आणि त्या दुःखाला कोणते दार उघडे होते व कोणते बंद होते हे ठाऊक नसेल तर त्या वाङ्मयाचे मूल्यमापन करण्याचा अधिकार समीक्षकास पोचत नाही. शिवाय ह्या प्रश्नात भाषेचा प्रश्नही दडला आहे, आणि आम्हां सीमाभागातील मराठी माणसांना तो विशेषच जाणवतो.

१

आरंभी शब्दांकडे पाहू. विवाह मोडण्याच्या क्रियेला मराठीत निदान चार नावे आहेत : काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी आणि घटस्फोट. ही नावे एकाच अर्थाची म्हणून आपण वापरतो. वस्तुतः त्यांच्या पोटात चार निरनिराळ्या दृष्टी आहेत. ‘काडीमोड’ म्हणजे गवताची काडी दोघांसमक्ष मोडणे. जे जोडले होते ते तुटले, ह्यापलीकडे त्यात आरोप नाही. ‘फारकत’ हा मूळ फारसी-अरबी दप्तरातला शब्द. देणेघेणे फिटल्याचा, हक्क सोडल्याचा लेख. संसार हा एक व्यवहार होता आणि त्याचा हिशेब पुरा झाला, असा त्याचा भाव. ‘सोडचिठ्ठी’त सोडणारा एक आणि सोडली जाणारी एक, अशी विभागणी बहुधा गृहीत असते. आणि ‘घटस्फोट’? हा शब्द मुळात विवाहासंबंधीचा नव्हेच. पतित झालेल्या मनुष्यास जातीबाहेर टाकताना पाण्याने भरलेला घट उपडा करण्याचा वा फोडण्याचा जो विधी धर्मशास्त्रात सांगितला आहे त्याचे हे नाव. ज्याच्या नावाने घट फुटला तो जिवंत असून मेला.

शिष्ट मराठीने आधुनिक काळात नेमका हा शेवटचा शब्द उचलला, ही गोष्ट आम्हांस सूचक वाटते. ज्या समाजात काडी मोडून दोघे मोकळे होत आणि स्त्रीचा पाट लागे, त्या बहुसंख्य समाजाचा शब्द मागे पडला. आणि ज्या वर्गात अशी सुटकाच नव्हती, त्या वर्गाने सुटकेसाठी बहिष्काराचा शब्द योजला. शब्दाबरोबर त्यातला अर्थही आला. विवाह सुटावयाचा तर कोणीतरी पतित झाले पाहिजे, कोणाचा तरी घट फुटला पाहिजे, ही समजूत आपल्या कायद्यातही आहे आणि आपल्या कादंबरीतही आहे. ह्या समजुतीलाच आम्ही पुढे ‘दोषाची दृष्टी’ म्हणणार आहोत.

ही दृष्टी आपल्या परंपरेत एकटीच होती असे मात्र नव्हे. पराशरस्मृतीत स्त्रीला दुसरा पती करण्याची मुभा देणाऱ्या पाच आपत्ती सांगितल्या आहेत. पती बेपत्ता होणे, मरणे, संन्यास घेणे, क्लीब असणे, पतित होणे. त्यांपैकी काही दोष आहेत, काही केवळ दैवगती. कौटिल्याने तर ह्याही पुढे जाऊन परस्परांचा द्वेष हे सुटकेचे कारण मानले. मात्र धर्म्य विवाहांना त्याने ही सवलत दिली नाही. म्हणजे आजचा वाद, विवाह दोषाने मोडावा की नाते तुटले एवढ्याने मोडावा, हा आपल्याकडे उपरा नाही.

२

आता भिंतीचा इतिहास. १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी ह्यांनी रखमाबाईंवर नांदावयास येण्याबद्दल दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. १८८६ साली अपिलात तो फिरला. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी नांदावयास जा, नाही तर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम केला. १८८८ साली तडजोड होऊन प्रकरण मिटले, आणि रखमाबाई पुढे विलायतेत वैद्यकाचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. ह्या खटल्याचे वाङ्मयीन महत्त्व असे, की रखमाबाईंचा मूळ आक्षेप असंमतीचा होता. अजाणपणी लागलेले लग्न आपल्याला मान्य नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. कायद्याजवळ ह्या म्हणण्याला ठेवण्यासाठी एकही कप्पा नव्हता.

त्यानंतर थोड्याच वर्षांत हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ प्रकरणशः प्रसिद्ध होऊ लागली. तीतली यमू आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु यमूची मैत्रीण दुर्गी ही आमच्या मते कायद्याच्या इतिहासातील अधिक बोलके पात्र आहे. यमूचे दुःख वैधव्याचे, आणि वैधव्यावर निदान १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने कागदोपत्री तरी उपाय सांगितला होता. दुर्गीचा नवरा जिवंत आहे, आणि तोच तिचे दुःख आहे. तिच्यासाठी कागदावरही उपाय नव्हता. हरिभाऊंनी ह्या दोघींना शेजारी शेजारी बसविले, त्यातच त्यांचे श्रेष्ठत्व आहे.

१८९९ चे ‘संगीत शारदा’ घ्या. गोविंद बल्लाळ देवल काही काळ आमच्या बेळगावात शिक्षक होते, म्हणून नव्हे, तर त्यांनी योजिलेला नाटकाचा शेवट आमच्या विषयास फार जवळचा आहे म्हणून. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी होणारे शारदेचे लग्न कशाने थांबते? तिच्या नापसंतीने नाही, वयाच्या विजोडपणाने नाही, बापाच्या द्रव्यलोभाने तर नाहीच. ते थांबते सगोत्रतेच्या दोषाने. संपूर्ण नाटकभर प्रेक्षकांच्या मनात एक कारण धगधगत असते आणि रंगमंचावर सुटका होते ती दुसऱ्याच कारणाने. काही टीकाकारांनी ह्याला नाटककाराची युक्ती म्हटले आहे. आम्ही तिला प्रामाणिकपणा म्हणू. कारण त्या काळी खरे कारण सांगून कोणाचीच सुटका होत नव्हती. शास्त्राला चालेल असे कारण शोधावे लागे. आणि पुढील शंभर वर्षे न्यायालयांत हेच घडत आले आहे : खरे कारण एक, अर्जात लिहिलेले कारण दुसरे.

३

‘हिंदोळ्यावर’ प्रसिद्ध झाली त्या १९३४ साली बेळगाव मुंबई इलाख्यात होते. ज्या हिंदू ज्ञातींत काडीमोडीची रूढी नव्हती त्यांतील स्त्रीला त्या वेळी घटस्फोटाचे एकही कारण उपलब्ध नव्हते. आणि रूढी असली तरी तिला न्यायालयाचा आधार मर्यादितच होता, कारण पतीच्या संमतीवाचून जातपंचायतीने विवाह मोडावा हे मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८७६ सालीच अमान्य केले होते. पण सीमा ओलांडली की चित्र पालटे. निपाणीला लागून असलेल्या करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१९ साली स्त्रियांच्या छळास आळा घालणारा आणि काडीमोडीसंबंधीचा असे कायदे केले होते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. आणि आमच्या चोर्ला घाटाखाली, पोर्तुगिजांच्या गोव्यात, १९१० च्या नोव्हेंबरातील कायद्याने परस्परसंमतीने होणारा घटस्फोटदेखील मान्य केला होता. इतकेच नव्हे, तर दोघांनी राजीखुशीने दहा वर्षे वेगळे राहणे, मग त्याचे कारण काहीही असो, हेही त्यात सुटकेचे स्वतंत्र कारण होते. म्हणजे अचला बेळगावची असती तर बद्ध, आणि पन्नाससाठ मैलांवर जन्मली असती तर कदाचित मुक्त. सीमेवर राहणाऱ्यांना हे सांगावयास नको, की नकाशावरची रेघ माणसाच्या संसारातून जाते.

आणखी एक गोष्ट ह्याच संदर्भात नोंदविली पाहिजे. स्त्रीच्या ह्या दुःखाची चर्चा घराघरांत नेणारी ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिके किर्लोस्करवाडीहून निघत. पण त्या कारखान्याचे मूळ बेळगावात होते. आजच्या टिळकवाडीच्या, म्हणजे जुन्या ठळकवाडीच्या, परिसरातून तो हलवावा लागला म्हणून १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. १९३० साली सुरू झालेल्या ‘स्त्री’ने पुढे जो वाचकवर्ग घडविला, त्या वाचकवर्गावाचून १९३४ सालच्या दोन कृती, ‘हिंदोळ्यावर’ आणि अत्र्यांचे ‘घराबाहेर’, समाजाने पचविल्या असत्या की नाही ह्याची आम्हांस शंका आहे. ‘घराबाहेर’मधील निर्मला उंबरठा ओलांडते तेव्हा इब्सेनच्या नोराची आठवण टीकाकारांनी वारंवार काढली. पण एक भेद ध्यानात घ्यावा. नोरा घर सोडते तेव्हा तिच्या देशात कायद्याने विवाह मोडण्याची वाट होती. निर्मलेला घराबाहेर पाऊल टाकता येत होते, विवाहाबाहेर नाही. दोन्ही नाटकांतील दार सारखे वाजले, तरी दाराबाहेरचा रस्ता सारखा नव्हता.

१९४६ साली बेळगावात साहित्य संमेलन भरले, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि तेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच वर्षी मुंबई राज्यात द्विभार्याप्रतिबंधक कायदा झाला आणि १९४७ साली मुंबईचा हिंदू घटस्फोट कायदा आला, हे मात्र आपण विसरतो. त्या कायद्याने बेळगावच्या स्त्रीलाही प्रथमच कारणे दिली. त्यांत चार वर्षांचा परित्याग हे एक होते. पुढे १९५१ साली हिंदू कोड बिल रखडले म्हणून डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा त्याग केला, आणि १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात येऊन मुंबईचे हे दोन्ही कायदे त्यात विलीन झाले. सुमारे दीड वर्षाने, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. राज्य बदलले तरी विवाहाचा कायदा आता देशभर एकच होता.

पण कोणता कायदा? १९५५ च्या मूळ कायद्यात क्रूरता हे घटस्फोटाचे कारण नव्हते. क्रूरतेसाठी केवळ न्यायिक विभक्तता मिळे. व्यभिचारही एकदा घडून भागत नसे. जोडीदार व्यभिचारात राहत असला पाहिजे. वेड, महारोग, धर्मांतर, संन्यास, सात वर्षे बेपत्ता असणे, ही कारणे मात्र थेट होती. म्हणजे नवरा संन्यासी झाला तर स्त्री मोकळी होई, आणि नवरा रोज मारीत असला तर ती केवळ वेगळी राहू शके. १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता आणि दोन वर्षांचा परित्याग ही घटस्फोटाची कारणे झाली व परस्परसंमतीचे कलम आले. महारोगाचे कारण तर २०१९ साली वगळले गेले. दुर्गीच्या दुःखाला कायद्याच्या पुस्तकात ओळ मिळावयास हरिभाऊंनंतर ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

४

येथवर साहित्य पुढे आणि कायदा मागे, असे दिसते, आणि साहित्यिकांनी समाधान मानावे असेच ते चित्र आहे. आमचा तक्रारवजा मुद्दा येथून सुरू होतो. १९७६ नंतर कायदा हळूहळू दोषाच्या दृष्टीपासून दूर जाऊ लागला; मराठी साहित्य मात्र बव्हंशी तिथेच राहिले.

विवाह मोडल्याची गोष्ट सांगताना आपल्या लेखकांना आरोपी लागतो. नवरा मद्यपी, संशयी किंवा परस्त्रीरत. नाही तर सासू कजाग. नाही तर सून उधळी. आरोपी सापडला की वाचकाचे मन स्थिर होते, आणि कादंबरी ही घटस्फोटाच्या अर्जासारखी वाचता येते. प्रशांत दळवी ह्यांच्या १९९१ च्या ‘चारचौघी’सारख्या प्रभावी नाटकातही थोरल्या विद्येच्या संसाराचा प्रश्न पतीच्या परस्त्रीसंबंधातूनच उभा राहतो. दूरध्वनीवरील तिचे दीर्घ भाषण ऐकताना प्रेक्षक हेलावतो, कारण न्याय कोणाच्या बाजूला आहे ह्याबद्दल त्याला शंका उरत नाही. नाटक म्हणून हे सामर्थ्यच आहे. पण जेथे शंका उरते, जेथे दोघेही बरे आणि संसार मात्र मोडलेला, त्या घराची गोष्ट कोणी सांगावी?

अपवाद आहेत. शांता निसळ ह्यांची ‘बेघर’ ही कादंबरी आणि तिच्यावरून निघालेला १९८२ चा ‘उंबरठा’ हा चित्रपट ह्यांचा आम्ही आदराने उल्लेख करू. तेथे नायिकेचा पती दुष्ट नाही, घर सुस्थितीतले आहे, सासर जाच करणारे म्हणता येणार नाही. तिला काम हवे आहे, आणि त्या कामाला त्या घरात जागा नाही. पतीच्या हातून पुढे प्रमाद घडतो हे खरे. पण विच्छेद त्याआधीच झालेला आहे, हे वाचकाला कळून चुकलेले असते. वकील असलेला तो पतीदेखील ह्या विच्छेदाला कोणते कलम लावावे हे सांगू शकला नसता.

दुसरीकडे तेंडुलकरांचे १९६७ चे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आहे. ते घटस्फोटाचे नाटक नव्हे. पण दोष शोधण्यासाठी बसलेले न्यायालय स्वतःच क्रौर्याचे यंत्र कसे बनते, हे त्याच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणी दाखविलेले नाही. बेणारेबाई शिक्षिका आहे, ही गोष्ट आमच्या शिक्षकवाचकांनी विसरू नये. कुटुंब-न्यायालयात उभे राहून ज्यांनी आपल्या संसाराची उलटतपासणी ऐकली आहे, त्यांना हे नाटक खेळातले खटले वाटणार नाही.

५

आता भाषेकडे वळू. १९७६ नंतर ‘क्रूरता’ हा शब्द घटस्फोटाच्या कायद्याच्या केंद्रस्थानी आला. पण मराठी संसारात ह्या गोष्टीला क्रूरता कोण म्हणतो? आपला शब्द ‘जाच’ आहे. क्रूरता म्हटले की एखादे भयानक कृत्य डोळ्यांपुढे येते. जाच हा लहान, रोजचा, साचत जाणारा असतो. जात्यावर बसलेल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या जो सासुरवास गायिला तो क्रूरतेचा नव्हे, जाचाचा आहे. त्यात कोणी कोणाला जिवे मारीत नाही; ताटात शिळे पडते, माहेरचा निरोप दडवला जातो, पाण्याच्या वाटेवर वेळ मोजला जातो.

न्यायालयांचा प्रवास आमच्या समजुतीप्रमाणे क्रूरतेकडून जाचाकडे झाला आहे. १९७५ साली पुण्याकडील एका सुशिक्षित दांपत्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा पुराव्याचा मोठा भाग घरात उच्चारलेल्या शब्दांचा आणि परस्परांना लिहिलेल्या पत्रांचा होता. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड ह्यांनी ठरविले, की अशा खटल्यात फौजदारी स्वरूपाचा निःसंशय पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे पाहावे. आणि क्रूरता घडली असली तरी पुढे सहजीवन चालू ठेवल्याने ती क्षमा केली गेली, असे म्हणून पतीची मागणी नाकारली. २००७ साली त्याच न्यायालयाने मानसिक क्रूरतेचा विचार करताना सुटी कृत्ये न पाहता वैवाहिक आयुष्य समग्र पाहावे असे सांगितले. हा तर समीक्षेचाच नियम झाला. एका ओळीवरून कवितेचा निवाडा करू नये, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो.

पण समग्र पाहावयाचे तर भाषा कळली पाहिजे. १९७५ च्या खटल्यातील न्यायमूर्ती मराठी होते, हा योगायोग. आमच्या बेळगावात किंवा निपाणीत मराठी घरातील संसार मोडतो तेव्हा भांडण मराठीत होते, टोमणे मराठीत मारले जातात, चिठ्ठ्या मराठीत लिहिल्या जातात. आणि न्यायालयाचे काम कन्नडमध्ये अथवा इंग्रजीत चालते. येथे कोणत्याही भाषेविरुद्ध आमची तक्रार नाही. कन्नड घरातील स्त्री सोलापुरात उभी राहिली तर तिचीही हीच गत होईल. प्रश्न असा, की ‘पांढऱ्या पायाची’ ह्या दोन पदांत न मावणाऱ्या शापाचा अनुवाद काय करणार? शब्दशः केला तर तो पायाच्या रंगाविषयीचा शेरा होईल. ‘अबोला’ घ्या. भावगीतात तो रुसव्याचा अलंकार आहे. चार दिवसांचा असेल तर संसारातली गंमत आहे. आठ महिन्यांचा असेल तर एकाच छपराखाली केलेला परित्याग आहे. अनुवादात तिन्ही ठिकाणी एकच ‘न बोलणे’ उतरते. शब्दाचे वजन हरवले की जाचाचा पुरावा हरवला. येथे वाङ्मयाचे जाणकार गप्प बसले तर मग त्यांच्या जाणकारीचा उपयोग कोणता?

६

शेवटी सुधारणेच्या मुख्य प्रश्नाविषयी. विवाह पुन्हा जुळण्यापलीकडे मोडला आहे, एवढे कारण घटस्फोटास पुरेसे मानावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ साली आपल्या एकाहत्तराव्या अहवालात केली आणि २००९ साली पुन्हा केली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सरकारला तसे सुचविले. २०१३ साली तसे विधेयक राज्यसभेने मंजूर केले. पण २०१४ साली लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळले. २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने सांगितले, की संविधानाच्या १४२ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालय ह्या कारणाने विवाह मोडू शकते. म्हणजे हे दार आहे, पण ते दिल्लीला आहे. टिळकवाडीतील शिक्षिकेला किंवा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईला ते गाठणे सोपे नाही. तिच्या हाती पुष्कळदा मुद्रांकावर लिहिलेली सोडचिठ्ठी असते. आणि ज्ञातीची रूढी सिद्ध करता आली नाही तर ती चिठ्ठी न्यायालयात कागदाचा तुकडा ठरते.

दोषाच्या दृष्टीचा त्याग करावा असे आमचे मत आहे. ह्या दृष्टीमुळे दोघांना एकमेकांविषयी वाईटात वाईट बोलणे भाग पडते; जे घडले नाही ते लिहावे लागते आणि जे घडले ते लिहिता येत नाही. परंतु विरोधी पक्षाचे म्हणणे आम्ही हलके मानीत नाही. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हापासून महाराष्ट्राला ‘टाकलेली’ ह्या शब्दामागची माणसे दिसू लागली. नवऱ्याने टाकले, दुसरा संसार थाटला, आणि आता ‘संसार मोडला आहे’ एवढे म्हणून तोच मोकळा होणार. दोष नाही म्हणजे दायित्वही नाही. हा आक्षेप खरा आहे. दोषाची दृष्टी कितीही कुरूप असली, तरी टाकलेल्या स्त्रीच्या हाती सौदा करण्यासाठी तेवढेच एक शस्त्र होते. ते काढून घ्यावयाचे तर तिच्या हाती दुसरे काही द्यावयास हवे.

ते काय, हे पुन्हा घाटाखाली पाहिले तर दिसते. गोव्यात सुटकेची कारणे जुन्या काळापासून उदार होती. पण त्याबरोबर, वेगळा करार नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानून विच्छेदाच्या वेळी निम्मी वाटण्याची पद्धतही होती. चर्चमध्ये लागलेल्या विवाहांची गोष्ट निराळी, आणि तेथेही सर्व सुखेनैव चालले असे आम्ही म्हणत नाही. पण तत्त्व स्वच्छ आहे : सुटका आणि हिस्सा ही दोन चाके एकाच गाड्याची. २०१३ च्या विधेयकातही स्त्रीला गंभीर आर्थिक हालअपेष्टेच्या कारणाने हरकत घेण्याची आणि मालमत्तेत वाट्याची सोय योजिली होती. त्याच मुद्द्यावर त्याला विरोध झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एक चाक सर्वांना हवे असते, दुसऱ्याचा खर्च कोणाला नको असतो. जुना शब्दच येथे मदतीला येतो. फारकत म्हणजे हिशेब पुरा झाल्याचा लेख. हिशेब न करता दिलेली सुटका ही फारकत नव्हे. ती पुन्हा घटस्फोटच, एकाचा घट फोडून दुसऱ्याने वाट चालणे.

ह्यातून साहित्याच्या अध्यापकांना आणि परिषदेच्या सभासदांना दोन कामे निघतात असे आम्हांस वाटते. पहिले, ‘शारदा’, ‘पण लक्षांत कोण घेतो?’, ‘हिंदोळ्यावर’ ह्यांसारख्या कृती शिकविताना त्या सालचा कायदा विद्यार्थ्यांपुढे मांडावा. त्यावाचून पात्रांचे धैर्य आणि भ्याडपणा ह्यांची मापे चुकतात. दुसरे, घरगुती मराठीतील जाचाच्या, रुसव्याच्या, अपमानाच्या शब्दांचा एक साधार कोश तयार करावा, वाक्यांच्या आणि प्रसंगांच्या उदाहरणांसह. म्हणजे सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, कोणत्याही भाषेतील न्यायासनापुढे मराठी संसाराचे दुःख निदान पुऱ्या वजनाने पोचेल. हे काम वकिलांना जमणार नाही, आणि ते आपले आहे.

त्या दिवशीच्या वाचनाच्या शेवटी त्या तरुण शिक्षिकेला आम्ही १९३४ ची परिस्थिती सांगितली. तिने थोडा वेळ विचार करून म्हटले, “म्हणजे अचलेजवळ कारण होते, पण ते लिहायला जागा नव्हती.” आम्हांस ह्याहून नेमके काही सांगता आले नसते. ती जागा बरीचशी आता कायद्याने केली आहे, उरलेली करावयाची आहे. आणि जे कारण कोणत्याच कलमात बसत नाही त्याच्यासाठी कादंबरीचे पान अजून मोकळेच आहे.